वेला कलर टच : घरी बिघडलेल्या ब्लीचवर कितपत चालतं?

घरच्या ब्लीचनंतर आपल्याकडच्या काळ्या केसांचं काय होतं ते जवळजवळ ठरलेलंच असतं. टाळूच्या उबेनं मुळाकडचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर भाग भराभर उघडतो, म्हणजे उजळतो, आणि पिवळा पडतो. मधला भाग नारिंगीवर अडकतो. जुना डाय साचलेली टोकं तांबूस-काळीच राहतात. त्यावर एकच शेड डोकंभर फासली, तर पट्टे जात नाहीत, नुसते रंग बदलतात.

कलर टच हा वेला कंपनीचा अमोनिया नसलेला डेमी-परमनंट, म्हणजे काही धुण्यांत हळूहळू उतरणारा रंग. त्याच्याच १.९ टक्के इमल्शनमध्ये (म्हणजे सौम्य पेरॉक्साइडच्या द्रावात, डेव्हलपरमध्ये) एक भाग रंगाला दोन भाग इमल्शन असा कालवला, तर तो केस उघडत नाही, नुसता रंग भरतो. म्हणून उजळ भाग गडद करून गडद भागाशी जुळवायचा असेल, तर घरच्या घरी करायला आमच्या मते हाच सर्वांत कमी धोक्याचा मार्ग. मात्र काळपट पट्टा उजळायची अपेक्षा ठेवू नका. रंगानं रंग उघडत नाही. तिथे पुन्हा फक्त त्या पट्ट्यावर ब्लीच लागतं, आणि स्वतःच्या डोक्यामागे ते नेमकं लावणं जवळजवळ अशक्य. ते काम पार्लरचं.

शेडच्या नंबरात तिरप्या रेघेआधीचा आकडा गडदपणा सांगतो, नंतरचा झाक. नारिंगी मध्यभागासाठी ६/० चाळीस ग्रॅम, ७/१ वीस ग्रॅम आणि इमल्शन १२० मिली. ७/१ मधली राखाडी-निळी झाक नारिंगी मारते. पिवळ्या मुळांवर मात्र हेच मिश्रण नेऊ नका. पिवळ्यावर निळं चढलं की शेवाळी हिरवट उतरतं, आणि घरच्या दुरुस्त्यांत सर्वांत जास्त फसतं ते इथेच. मुळांसाठी वेगळ्या बाऊलमध्ये ६/० तीन भाग आणि ७/३ एक भाग घ्या. केस अगदी फिके, केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे झाले असतील, तर आधी सोनेरी किंवा तांबूस झाकेची शेड दहा मिनिटं लावून, पुसून, मग त्यावर ६/० लावा. ब्लीचनं धुऊन काढलेली ऊब, म्हणजे सोनेरी-तांबूस झाक, परत भरल्याशिवाय तपकिरी रंग टिकत नाही, मातकट दिसतो.

मापं चमच्यानं नकोत, किचनच्या काट्यावर घ्या. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना ६० मिलीची एक ट्यूब कशीबशी पुरते, म्हणून दोन आणून ठेवा. अर्ध्यात मिश्रण संपलं की हात आखडतो आणि नवे चट्टे तयार होतात.

लावायचा क्रम : आधी नारिंगी भाग, मग मुळं, टोकं शेवटी. टोकं सच्छिद्र असतात, रंग पटकन पितात. पाकिटावर वीस मिनिटं लिहिलेली असली तरी दर पाच मिनिटांनी एक बट टिश्यूनं पुसून खिडकीच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली नारिंगी लपतं. बाऊलमधलं क्रीम जांभळट-काळं झालं म्हणून घाबरून धुवायला पळू नका, केसावर काय चढलंय तेवढंच खरं.

आता अडचणीची बाजू. काळी मेंदी किंवा धातूचे क्षार असलेली पावडर कधी लावली असेल, तर आधी कापलेल्या चार केसांवर परीक्षा हवीच : २० मिली सहा टक्के पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे २० थेंब, काचेच्या वाटीत, अर्धा तास. वाटी तापली, फेस आला किंवा केसांचा रंग बदलला, तर काहीही लावू नका. ओला केस ताणल्यावर रबरासारखा लांबून परत येत नसेल, तरीही थांबा. कानामागची ॲलर्जी चाचणी ४८ तास आधी करा. अमोनिया नाही म्हणजे ॲलर्जी होणार नाही, असं मुळीच नाही.

खरेदीला मुंबईत क्रॉफर्ड मार्केट सोयीचं, पण ट्यूबचं सील, बॅच नंबर आणि आयातदाराचं स्टिकर बघूनच पैसे द्या. बिनलेबलच्या बाटलीत ओतून दिलेलं डेव्हलपर स्वस्त असलं तरी घेऊ नका. उघडं राहिलेलं पेरॉक्साइड मरतं आणि रंग अर्धवट चढतो. जोडीला जांभळा शाम्पू गळ्यात मारला जातो, तो पिवळ्यासाठी. आपल्या केसांतल्या नारिंगीला निळा लागतो.

टिकण्याबद्दल : कंपनी २४ धुण्यांपर्यंत म्हणते. ब्लीच झालेल्या टोकांवर तो त्याच्या बराच आधी उतरतो आणि खालचं नारिंगी डोकावतं. मुंबई पालिकेचं तलावांचं पाणी मऊ आहे, पण सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल, तर क्षार बसून झाक लवकर बिघडते. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्यानं करा. टोकं उतरली की सगळं डोकं पुन्हा रंगवू नका. १५ ग्रॅम रंग, ३० मिली इमल्शन, फक्त टोकांवर, दहा मिनिटं.