थाळी भारी, पण दाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर जपून

चवीला चार स्टार, भरली वांगी एक नंबर आणि भाकरी थेट तव्यावरून ताटात. पण भाचीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, ओठ सुजतात, श्वास लागतो, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधीच वेटरदादांना विचारलं तर ते म्हणे "नाही हो ताई, दाणे कशातच नाहीत" आणि पाच मिनिटांत आलेल्या काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट चक्क दिसत होतं!! वर उत्तर काय, "ते कूट आहे ना, दाणे नाहीत." घ्या आता.

मालकीणबाई मात्र चांगल्या, त्यांनी आत नेऊन दाखवलं. सगळ्या भाज्यांना एकच डाव, आणि फोडणीला लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, ज्याची बाहेर पाटी लावून जाहिरात चालू आहे. रिफाइंड तेलात दाण्याचं प्रोटीन जवळपास उरत नाही पण घाण्याच्या तेलात राहतं, आणि तळून भाजून अ‍ॅलर्जी जात नाही, हे किचनमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी बाईंनी वेगळ्या पातेल्यात साधं वरण गरम करून दिलं, भात तूप लिंबू, पोरगी खूश.

काउंटरवरची लसणाची चटणी घेऊ नका, पाकिटावर काहीच छापलेलं नाही. एफएसएसएआयच्या (म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020 च्या लेबलच्या नियमात शेंगदाणे, दूध, सोया, गहू असेल तर पाकिटावर लिहावंच लागतं. दोन स्टार त्यासाठीच कापले.