पार्टीचे सॉसेज रोल: क्रेसेंटचा डबा की पफ पेस्ट्री?

सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) असो की कुणाची साठी, इथे अमेरिकेत घरी पंचवीसेक माणसं येणार म्हटलं की स्टार्टरमध्ये ‘पिग्ज इन ब्लँकेट’, म्हणजे पिठाच्या पट्टीत गुंडाळून भाजलेले छोटे सॉसेज, हमखास असतात. कॉकटेल सॉसेज शिजवलेलेच मिळतात, त्यामुळे ओव्हनचं काम फक्त वरच्या आवरणापुरतं. म्हणून ठरवायचं असतं ते एवढंच: पिल्सबरी कंपनीचा क्रेसेंट रोलच्या तयार कच्च्या पिठाचा डबा आणायचा की फ्रोझन पफ पेस्ट्री, म्हणजे पातळ थरांचं गोठवलेलं पीठ? आमच्याकडे दोन्ही बरेचदा करून झालंय.

सोपेपणात डबा पुढे आहे, यात वाद नाही. आठ त्रिकोण आयते निघतात, प्रत्येकाचे उभे तीन भाग केले की चोवीस रोल. 375 अंश फॅरनहाइटला 12 ते 15 मिनिटांत होतात. लहान मुलंही छान गुंडाळतात आणि तो मऊ, किंचित गोडसर पाव त्यांना आवडतोही. मुलांच्या वाढदिवसाला मी डबाच सुचवेन.

पफ पेस्ट्रीचे लाड जास्त. आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रिजमध्ये काढून ठेवा, नाहीतर 40 मिनिटं ओट्यावर. नीट सुटायच्या आत उलगडली तर घडीवर तडकते, जास्त वेळ राहिली तर हाताला चिकटते. खाताना चुरा पडतो. पण पुण्या-मुंबईच्या बेकरीतलं पॅटीस ज्याला आवडतं, त्याला हा खुसखुशीतपणा वेगळा सांगावा लागत नाही.

माझ्यापुरता निकाल मात्र चवीवर लागला नाही, वेळेवर लागला. आपल्या मंडळींना पाचचं आमंत्रण दिलं की निम्मी साडेसहाला येतात, आणि डब्यातलं पीठ कुणासाठी थांबत नाही. त्यात फुगवणारा सोडा आधीच घातलेला असतो, डबा उघडला की त्याचा जोर हळूहळू उतरायला लागतो. गुंडाळलेले रोल फ्रिजमध्ये दोनेक तास निभावतात. पुढे पीठ ओलसर होतं आणि रोल बसके निघतात. आधीच भाजून ठेवावेत, तर सॉसेजच्या वाफेने बूड मऊ पडतं, आणि मायक्रोवेव्हमधून काढले की चिवट. म्हणजे पाहुणे दारात आणि यजमान ओट्याशी पीठ गुंडाळत उभा! मला याचाच कंटाळा आला.

पफ पेस्ट्रीत सोडाही नसतो आणि यीस्टही. पिठाच्या आणि स्निग्धाच्या पातळ थरांमध्ये पाण्याची वाफ होते आणि तीच थर उचलते. त्यामुळे थंडी तिला मानवते. आठवडाभर आधी निवांत बसून रोल करावेत, ट्रेवर सुटे सुटे गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत. बेल वाजली की तसेच गोठलेले 400 अंशांच्या ओव्हनमध्ये. एरवी 20 मिनिटं लागतात, गोठलेल्यांना चार-पाच जास्त. दुसरी खेप उशिरा येणाऱ्यांसाठी, तितकीच ताजी.

करणार असाल तर सॉसेज आधी पेपर टॉवेलने अगदी कोरडे करा, नाहीतर आतला थर कच्चट राहतो. पट्टी इंचभर रुंद, तीन इंच लांब पुरे. जोड खाली ठेवा. फेटलेलं अंडं फक्त वरून लावा, कापलेल्या कडांवर ओघळलं तर थर एकमेकांना चिकटून बसतात आणि फुलत नाहीत. मोहरीचा सॉस पातळ हात फिरवल्यासारखा आतून लावला तर उत्तम. पेस्ट्रीच्या पाकिटावर बटर आहे की वनस्पती तेल तेही बघा, बटरवाली महाग पडते पण चवीला सरस वाटते.

सॉसेजच्या पाकिटांत पोर्क, टर्की, बीफ यांचं मिश्रण असू शकतं, तेव्हा कोण काय खात नाही ते विचारून घ्या. शाकाहाऱ्यांसाठी त्याच पट्टीत हिरवी चटणी लावून पनीरचा बोटाएवढा तुकडा गुंडाळता येतो, फक्त ट्रे वेगळा ठेवा.