गुळवेल, अश्वगंधा की मशरूमच्या कॅप्सूल?

सोलापुरात जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की होम मैदानावरची धूळ घशात घेऊन आलेली माणसं आमच्या मेडिकलवर एकच मागणी करतात: "प्रतिकारशक्तीचं काहीतरी द्या." पूर्वी बोट गुळवेलीच्या गोळ्यांकडे जायचं, आता रेशी आणि कॉर्डिसेप्स या मशरूमच्या डब्यांकडेही जातं. मी मात्र आधी विचारतो, घरी आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? निवड तिथूनच ठरते.

गुळवेल स्वस्त, ओळखीची, कडुनिंबावर चढलेली तर उत्तमच असं आजी सांगायची. कोरोनात घरोघरी काढे उकळले. मग २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली, आणि पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती आली. अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. त्या वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. म्हणून शेताच्या बांधावरून कुणी आणून दिलेली वेल उकळायची असेल, तर आधी खोड नीट बघा. आमवात, ल्युपस, यकृताचा जुना आजार असेल तर मी गुळवेल देतच नाही. आमवात, ल्युपसमध्ये तर प्रतिकारशक्ती आधीच अंगावर उठलेली असते, तिला आणखी चेतवून काय मिळवायचं?

अश्वगंधेचं थोडक्यात. ताण आणि झोपेसाठी काहीसा आधार आहे, सर्दी-खोकला टाळण्यासाठी फारसा नाही. थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी घेऊ नये.

मशरूमच्या डब्याला गुळवेलीच्या कित्येक पट पैसे पडतात, म्हणून तिथे जास्त वेळ थांबूया. "जपानमध्ये औषध म्हणून मान्य" असं सांगून ते विकलं जातं. खरं आहे, पण अर्धंच. टर्की टेल मशरूममधून काढलेल्या द्रव्याला तिथे १९७७ मध्ये आणि शिताकेमधल्या लेन्टिनानला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. ती कर्करोगाच्या उपचारांच्या जोडीला, तीही शुद्ध केलेल्या द्रव्याला, आणि लेन्टिनान तर इंजेक्शनने द्यायचे. धडधाकट माणसाला जानेवारीत सर्दी होऊ नये यासाठी ती मान्यता नव्हती.

घ्यायचंच असेल तर लेबल वाचा. "पॉलिसॅकराइड ४० टक्के" या आकड्याने भुलू नका, पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, आणि धान्यातला स्टार्चही पॉलिसॅकराइडच असतो. मशरूमचं बियाणं आपल्याकडे ज्वारी-गव्हाच्या दाण्यांवर वाढवतात. काही कंपन्या बुरशी धान्यावर वाढवून धान्यासकट दळतात, आणि आपण महागडी भाकरीच कॅप्सूलमधून गिळतो. पावडर पाण्यात कालवून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर स्टार्च, म्हणजे धान्य, भरपूर आहे. बीटा-ग्लुकनचं, म्हणजे मशरूममधल्या खऱ्या कामाच्या पॉलिसॅकराइडचं, प्रमाण वेगळं लिहिलेलं असेल तोच डबा मला पटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रेशी नको, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. किडनी बदललेल्यांनी तर यातलं काहीच डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

आयुर्वेदिक औषधावर आयुषचा उत्पादन परवाना असतो. मशरूमचे डबे बहुतेक अन्नपूरक म्हणून येतात, त्यांवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेलं असतं. ते वाक्य बारीक अक्षरात असलं तरी खरं आहे.

परवा बाळीवेशीतल्या मावशी आल्या. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू, लेकीने आणलेलं गुळवेलीचं चूर्ण पिशवीत, आणि विचारत होत्या मशरूम घेऊ का. मी दोन्ही नको म्हणालो, चूर्णाबद्दल डॉक्टरांना आजच सांगा म्हणालो, आणि एका कागदावर लिहून दिलं, "फ्लूची लस घेऊ का?" आपल्या गोळ्यांची पाकिटं त्या कागदात गुंडाळून त्या सरळ दवाखान्यात गेल्या.