सर्क्युलर पोलरायझर: आभाळी दिवसांतच पैसे वसूल करणारा फिल्टर

पोलरायझर म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक कापणारा काचेचा फिल्टर. तो विकणारे नेहमी एकच फोटो दाखवतात: गडद निळं आकाश आणि पांढरेशुभ्र ढग. दिवाळीपासून हा फिल्टर माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ च्या किट लेन्सवर आहे, पण त्या कामासाठी मी तो क्वचितच फिरवला. खरा उपयोग झाला तो आभाळ भरून आलेल्या, बोचऱ्या थंडीच्या दिवसांत.

डिसेंबरात भावाकडे पुण्याला गेलो होतो. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात त्या सकाळी झिमझिम सुरू होती. हे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ बाग १७०० साली पुरी झाली. अशा ढगाळ उजेडात काळ्या सावल्या पडत नाहीत, त्यामुळे दगड आणि छाटलेली झुडपं छान दिसतात. पण प्रत्येक ओल्या पानावर आभाळाची पांढरी चमक बसते आणि हिरवा रंग फिका पडतो. फिल्टरची रिंग फिरवली की चमक उतरते, खालचा रंग वर येतो. हे नंतर मोबाइलवर एडिट करून जमत नाही, कारण चमकेखालचा रंग फोटोत धड उतरलेलाच नसतो.

तळ्यावर मात्र हात आखडता घ्यावा. पूर्ण फिरवलं तर कोई मासे स्वच्छ दिसतात, पण झाडांचं प्रतिबिंब जातं. जपानी बागेत तळं असतं तेच मुळी अर्धं प्रतिबिंबासाठी. मी अर्ध्यावर थांबतो. नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांत असली की परिणाम सर्वांत जास्त. सरळ खाली वाकून पाहिलं तर जवळपास काहीच नाही.

परत आल्यावर तेच आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर करून पाहिलं. जानेवारीतलं आभाळ, पाळीवर गार वारा. शेजारचे काका म्हणाले, "काऊन रे, ऊन नाई पडलं तं फोटो कायचे काढतं?" त्यांना कमळाच्या पानांचे दोन फोटो दाखवले, एक फिल्टर फिरवून, एक न फिरवता. काही बोलले नाहीत, पण मग स्वतःच रिंग फिरवत बसले.

आता तक्रारी. हा फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). १/६० सेकंद शटरवर येणारा फोटो दोन स्टॉप गेले की १/१५ वर येतो, म्हणजे ट्रायपॉड लावा नाहीतर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० चा १६०० करा. माझ्या स्वस्तातल्या काचेला किंचित पिवळी झाक आहे. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग) क्लाउडीवर ठेवला की ती आणखी वाढते. माझ्या जुन्या लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना फिरतो, म्हणून आधी फोकस आणि मग फिल्टर. पाण्याचा पितळी गुंड किंवा क्रोमवरची चमक याने जात नाही, धातूपुढे त्याचं काही चालत नाही. थंडीत रिंग लेन्सवर आवळून बसली, तेव्हा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून हलक्या हाताने फिरवली आणि सुटली.

फोनवाल्यांनी कॅमेऱ्यापुढे नुसता धरला तरी चालतो, फक्त बोटांचे ठसे काचेवर उमटू देऊ नका.

घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवर तिरकी रेघ मारलेला गोल (⌀) शोधा. त्यापुढचा आकडा म्हणजे फिल्टरचं मिलिमीटरमधलं माप. दोन लेन्स असतील तर मोठ्या मापाचा एकच घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवणारी जोड-कडी) लावा. ती फिल्टरच्या मानाने बरीच स्वस्त पडते.