विश्रामबागेतील कोडिंग क्लास : पहिले दोन महिने आणि तिसरा

आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने जून ते ऑगस्ट या काळात सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका कोडिंग क्लासचा अभ्यासक्रम पूर्ण केला. सहावी ते दहावीच्या मुलांसाठी असलेला हा वर्ग आठवड्यातून तीन दिवस, दीड तास भरतो. फी सहा हजार रुपये असून ती एकरकमी भरावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंगची ओळख करून देण्याचा उल्लेख आहे, त्याचा जाहिरातीत पुरेपूर वापर केलेला आहे. मात्र त्यासाठी खाजगी क्लास लावावा, असे धोरणात कुठेही म्हटलेले नाही.

सुरुवातीचे तीन आठवडे स्क्रॅचवर, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनावर, गेले. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेले हे साधन विनामूल्य आहे, त्यामुळे एवढा भाग घरीही होऊ शकला असता. खरा कस लागला तो पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. कृष्णेच्या पाण्याची पातळी विचारून आयर्विन पुलावरील स्थिती सांगणारा प्रोग्रॅम सरांनी लिहायला दिला : ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. मुलीने आधी ‘४० किंवा जास्त’ ही अट लिहिली आणि तिच्याखाली एलिफ (‘नाहीतर, जर’ अशा अर्थाचा पायथनमधला शब्द) लावून ‘४५ किंवा जास्त’. प्रोग्रॅम बिनचूक चालल्यासारखा दिसत होता. सरांनी चूक न दाखवता फक्त ‘४७ टाकून बघ’ एवढेच सांगितले, आणि पडद्यावर ‘इशारा’ असे उमटले. पायथन अटी वरून खाली तपासते व पहिली खरी अट सापडताच पुढच्या एलिफकडे पाहतही नाही, हे तिला त्या क्षणी उमगले; ४७ फुटांचा अर्थ काय होतो, हे सांगलीच्या मुलांना वेगळे समजावावे लागत नाही. दुसऱ्या एका दिवशी ‘सांगली’ या शब्दाची लांबी पायथनने सहा सांगितली, कारण काना, अनुस्वार आणि वेलांटी ही चिन्हे ते स्वतंत्रपणे मोजते. त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या नावांची लांबी काढून झाली.

तिसऱ्या महिन्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘स्वतःचे अ‍ॅप बनवा’ या आकर्षक शीर्षकाखाली मुलांना तयार साचा देण्यात आला आणि त्यातील रंग, नाव व चित्र बदलण्यापलीकडे फारसे काही करून घेतले गेले नाही. समारोपाच्या दिवशी पालकांसमोर अ‍ॅप दाखवताना एका बटणामागे कोणता कोड आहे, असे मी मुलीला विचारले, तेव्हा तिला उत्तर देता आले नाही. पुलाचा प्रोग्रॅम ती आजही कागदावर लिहून दाखवते. शिवाय बारा मुलांना सहाच संगणक असल्याने ज्याचा हात कीबोर्डवर, त्याचेच शिक्षण, असा प्रकार अनेकदा होई. जोडीने काम करण्यात गैर काही नाही, पण दर पंधरा मिनिटांनी जागा बदलण्याची साधी शिस्तही सरांना आमच्या सांगण्यावरून, ऑगस्टमध्ये लावावी लागली.

पुढच्या तुकडीत प्रवेश घेणाऱ्या पालकांनी पहिल्या दोन महिन्यांचीच फी घेण्याची मागणी करून पाहावी. आम्ही विचारले, तेव्हा व्यवस्थापनाने नकार दिला होता.