फाईव्ह पॉईंट वनच्या नावाखाली ६,३०० रुपये गेले, सांगलीकरांनो जपून

विश्रामबागला आमच्या घरी जुना फाईव्ह पॉईंट वन (पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे आवाजाचे सहा वेगळे चॅनेल) होम थिएटर आहे, वडिलांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेला. कॉम्प्युटर एचडीएमआयनं (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर) टीव्हीला आणि टीव्हीच्या मागनं ऑप्टिकल वायर (फक्त आवाज नेणारी) होम थिएटरला, अशी जोडणी. पण कॉम्प्युटरवरनं पिक्चर लावला की आवाज पुढच्या दोन स्पीकरमधनंच, मागचे दोन आणि मधला गप्प.

म्हणून वडील एका दुकानात गेले (नाव लिहीत नाही). दुकानदार म्हणला, काका तुमची वायर साधी आहे, फाईव्ह पॉईंट वनची गोल्ड एचडीएमआय वेगळी येते, २,८०० रुपये. घेतली, काही फरक नाही. परत गेले तर म्हणला मग कन्व्हर्टर लागतोय, ३,५०० चा, आणि जोडायला पोरगं पाठवलं. त्या पोरानं टीव्हीची ऑप्टिकल त्या कन्व्हर्टरच्या डबीत घातली, डबीतनं लाल-पांढरी वायर होम थिएटरच्या ऑक्सला लावली, रिमोटवरचं सराउंडचं बटण दाबलं आणि पाचही स्पीकर वाजायला लागले. वडील खूश, पैसे रोख दिले, बिल म्हणून नुसती कच्ची चिठ्ठी.

मी रविवारी स्पीकर चेक करायची क्लिप लावली, त्यात बाई एकेका स्पीकरचं नाव घेते. ती 'मागचा डावा' म्हणते आणि आवाज पाचही स्पीकरमधनं! म्हणजे डावा-उजवा अशा दोन चॅनेलचाच आवाज सगळीकडं वाटून दिलेला. मग डबी हातात घेऊन नीट बघितली, मागं लाल आणि पांढरी अशी दोनच भोकं, दोन भोकांतनं सहा चॅनेल येणार कुठनं? वर ५.१ चा स्टिकर होता तो नखानं काढला तर खाली छापलेलं, डिजिटल टू अ‍ॅनालॉग ऑडिओ कन्व्हर्टर. खरं सांगतो, तेव्हा डोकंच फिरलं, वडिलांच्या पेन्शनमधले पैसे होते ते.

कराडचा मावसभाऊ कॉम्प्युटरचं काम करतो, त्यानं फोनवर समजावलं. आपला टीव्ही एचडीएमआयवरनं कॉम्प्युटरला सांगतो की मी दोनच चॅनेल घेतो, त्यामुळं विंडोजच्या स्पीकर सेटिंगमध्ये स्टीरिओ सोडून दुसरा पर्यायच दिसत नाही. वायरचा काही संबंध नाही, एचडीएमआय २००२ साली आली तेव्हापासूनच ८ चॅनेल नेते. खात्री करायला तोच पिक्चर पेनड्राइव्हवरनं थेट टीव्हीत लावला आणि ऑप्टिकल परत होम थिएटरला जोडली, तर होम थिएटरच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल (सहा चॅनेल कॉम्प्रेस करून पाठवायचा प्रकार) आलं, मागचे स्पीकर वेगळे वाजले. कॉम्प्युटरवरनं लावला की परत पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला आवाज), म्हणजे ऑप्टिकलमधनं स्टीरिओच. म्हणजे अडचण टीव्हीत होती आणि विकली वायर.

शेवटी कॉम्प्युटरच्याच मागं चौकोनी ऑप्टिकलचं भोक सापडलं, तिथनं थेट होम थिएटरला २५० रुपयांची वायर लावली, टीव्हीला एचडीएमआय फक्त चित्रासाठी ठेवली, व्हीएलसीत (पिक्चर लावायचं सॉफ्टवेअर) पासथ्रू, म्हणजे आवाज न बदलता तसाच पुढं पाठवायचं सेटिंग, चालू केलं आणि पिक्चरला खरा फाईव्ह पॉईंट वन आला. गेमला मात्र नाही येत, ऑप्टिकलमधनं सहा चॅनेल कॉम्प्रेस केल्याशिवाय जात नाहीत आणि गेमचा आवाज चालू असतानाच डॉल्बीत करायला डॉल्बी डिजिटल लाइव्हवालं साउंड कार्ड लागतं. नवीन होम थिएटर घेणार असाल तर एचडीएमआय इनपुट असलेला बघा, कॉम्प्युटर थेट त्याला आणि तिथनं टीव्हीला, म्हणजे टीव्ही मधे येतच नाही. आणि दुकानातच अशी क्लिप लावायला सांगा, मागच्या स्पीकरजवळ उभं राहून ऐका, नुसते सगळे वाजले म्हणून पैसे देऊ नका.

डबी परत द्यायला मी स्वतः गेलो तर म्हणला सील फोडलंय, परत घेत नाही, आणि वर वडिलांना सांगा टीव्हीच बदला, चांगला लावून देतो. पक्कं बिल मागितलं तर विषयच बदलला. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करणार आहे, कच्ची चिठ्ठी, काढलेला स्टिकर आणि डबीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवलाय. असाच स्टिकर लावलेली डबी अजून कुणाला विकली असेल तर खाली लिहा, सगळे मिळून तक्रार करू.