वेग घेतला की मीडियम टायर लाल: बदलत्या टेक्श्चरचा पाच महिन्यांचा अनुभव

पिटमधून (टायर बदलायच्या थांब्यातून) निघताना टायरवर पिवळा पट्टा, म्हणजे मीडियम. सरळ रस्त्यावर वेग घेतला की तोच पट्टा सॉफ्टचा लाल, आणि हेअरपिनला ब्रेक मारला की परत पिवळा. असेट्टो कोर्सा या कार-रेसिंग गेमसाठी पैसे मोजून घेतलेल्या मॉड कारवर (बाहेरच्यांनी बनवलेल्या गाडीवर) हे दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. बनवणाऱ्यांना कळवलं, तर 'पुढच्या आवृत्तीत बघू' एवढंच उत्तर आलं. मग फाइली उघडून स्वतःच बसलो.

असेट्टो कोर्सात टायरच्या मटेरियलला दोन मुख्य चित्रं (टेक्श्चर) लागतात: उभ्या गाडीचं डिफ्यूज आणि फिरत्या चाकाचं ब्लर. वेग वाढला की शेडर (पृष्ठभाग रंगवणारा छोटा प्रोग्रॅम) पहिल्यावरून दुसऱ्यावर सरकतो. कारवाल्यांनी प्रत्येक कंपाउंडचं (सॉफ्ट, मीडियम, हार्ड अशा टायरच्या प्रकाराचं) डिफ्यूज दिलं होतं, ब्लर मात्र सगळ्यांना सॉफ्टचंच. म्हणजे ज्या वेगात टायर ओळखायचा, नेमका तिथेच रंग चुकीचा! विकायच्या आधी एक लॅप रिप्लेमध्ये बघितली असती तरी हे सापडलं असतं.

माझी मूळ पद्धतही बरोबर नव्हती. मी स्किनच्या (गाडीच्या रंगसंगतीच्या) फोल्डरमध्ये त्याच नावाची डीडीएस फाइल, म्हणजे टेक्श्चरचं चित्र, टाकायचो. त्याने रंग बदलतो, पण तो स्किनला चिकटतो. पिटमध्ये हार्ड लावले तरी पट्टा तोच. खरी सोय कस्टम शेडर्स पॅच या गेमवरच्या जोड-सॉफ्टवेअरच्या टायर्स एफएक्स भागात आहे. कारच्या एक्स्टेन्शन फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये प्रत्येक कंपाउंडचा वेगळा विभाग करायचा, विभागाच्या नावाच्या शेवटी त्या कंपाउंडचं शॉर्ट नेम (छोटं नाव), आणि खाली डिफ्यूज, ब्लर, नॉर्मल (उंचसखलपणा दाखवणारं चित्र) यांच्या फाइली. शॉर्ट नेम कारच्या टायर्स फाइलमध्ये आहे तसंच लिहा. मी ते वाचायला सोपं जावं म्हणून टायर्स फाइलमध्येच बदललं, आणि चेकसम (फाइल बदलली का हे तपासणारा आकडा) जुळेना म्हणून ऑनलाइन सर्व्हरने आत घेतलं नाही. कारच्या डेटाला हात लावू नका.

आता ब्लरबद्दल, कारण माझे दोन महिने यातच गेले. साइडवॉल (टायरची बाजू) टेक्श्चरवर गोल पसरलेली असेल तर गिंप या चित्र-संपादन प्रोग्रॅममधला सर्क्युलर मोशन ब्लर चालतो, पण त्याचा मध्यबिंदू यूव्हीच्या (चित्र मॉडेलवर कुठे बसतं त्या नकाशाच्या) वर्तुळाच्या मध्यावरच हवा. माझा चार-पाच पिक्सेल सरकला होता. उभ्या गाडीत काहीच कळलं नाही. वेगात मात्र पट्टा असा हेलकावे खायला लागला, जणू रिम वाकलीय. ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या भागाची) पट्टी त्याच चित्रात सरळ पसरलेली असते. तिला गोल ब्लर देऊ नका, लांबीच्या दिशेनेच द्या.

सुरुवातीला सगळं ४०९६ पिक्सेलचं केलं होतं. ते मत मी बदललं. २०४८ × २०४८ ची डीएक्सटी५ फाइल मिपमॅपसकट (लांबून दाखवायच्या लहान प्रतींसकट) साधारण ५.३ एमबी होते, डीएक्सटी१ त्याच्या निम्मी; हे दोन्ही चित्र दाबून ठेवायचे प्रकार. आणि डिफ्यूजला अल्फा (पारदर्शकतेचा थर) लागत नसेल तर डीएक्सटी१ पुरते. पाच कंपाउंड, प्रत्येकी दोन चित्रं, म्हणजे दहा फाइली. ग्राफिक्स कार्डची मेमरी विनाकारण का भरायची? मिपमॅप मात्र गाळू नका. ते नसले की लांबच्या गाडीचा पट्टा चमचमत राहतो.

रंग फॉर्म्युला वनमध्ये २०१९ पासून आहेत तेच ठेवले: हार्ड पांढरा, मीडियम पिवळा, सॉफ्ट लाल, इंटरमीडिएट हिरवा, वेट निळा. आधी हे सगळं निव्वळ दिखाऊ वाटायचं. गेल्या महिन्यात लांब शर्यतीत पुढची गाडी पिटमधून पांढऱ्या पट्ट्याने बाहेर आली. ती आता शेवटपर्यंत थांबणार नाही हे ओळखून मी माझा थांबा दोन लॅप अलीकडे घेतला आणि तिच्या पुढे निघालो. त्या दिवशी या मेहनतीचं चीज झालं.

वेटचं काम अजून बाकी आहे. त्याला स्वतःचा नॉर्मल मॅप द्यावाच लागतो, नाहीतर खाचा उठत नाहीत. तो दिला, पण वेगात खाचा निळ्या पट्ट्याजवळ मळकट दिसतात. बहुतेक नॉर्मलचंही वेगळं ब्लर करावं लागेल. या शनिवारी त्याला हात घालतोय.